परसातील उन्हाळी भाज्या निखाऱ्यावर कशा भाजाव्यात

निखाऱ्यावर भाजी भाजायला पहिल्यांदाच बसणारा माणूस मसाल्याचा विचार आधी करतो आणि विस्तवाचा नंतर, आणि बहुतेक वेळा भाजी बिघडते ती याच उलट्या क्रमामुळे. मीही तेच केले होते. सांगलीत आमच्या घरामागे चार वाफ्यांची परसबाग आहे. तिथली वांगी, ढोबळी मिरची आणि दोन दोडके दह्यात कालवून मी शेगडीवर चढवले, तेव्हा कोळसा अजून ज्वाळा टाकत होता. पाच मिनिटांत मसाला करपला, वांग्याची साल कोळशाच्या रंगाची झाली आणि सुरी घातली तर आतला गर पांढरा, कच्चा. आजीने ताटाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "जाळावर न्हवं रं, इंगळावर भाजत्यात." आमच्या भागात इंगळ म्हणजे धगधगता निखारा. ज्यांनी थंडीत हुरड्याची आगटी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. गोवऱ्यांचा जाळ बसून आर धरल्याशिवाय कणसे आत खोवली जात नाहीत. उन्हाळी भाज्यांचा नियमही तोच आहे, फक्त त्यांच्यात पाणी फार असते. वांग्यात वजनाच्या सुमारे ९२ टक्के, टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास आणि दुधीत त्याहूनही जास्त पाणी असते. हे पाणी सावकाश बाहेर पडून वाफ झाले पाहिजे, आणि त्यानंतरच पृष्ठभागावरची साखर तांबूस होऊ लागते. खरपूस चव म्हणतात ती इथून येते. जाळ मोठा असेल तर वरचा थर आधी जळतो आणि आतले पाणी तसेच राहते.

तोडणी

बाजारातल्या भाजीपेक्षा परसातल्या भाजीचा खरा फायदा एकच, तो म्हणजे झाड ते निखारा हे अंतर काही तासांचे असते. सांगलीत एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाते आणि चारच्या सुमाराला दोडक्याच्या वेलाची पाने मान टाकून बसतात. त्या वेळी तोडलेले फळही मलूल असते. म्हणून आदल्या संध्याकाळी वाफ्यांना भरपूर पाणी द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, भाज्या तोडून ओल्या सुती फडक्यात गुंडाळून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवाव्यात. भाजण्याचा बेत संध्याकाळचा असला तरी हाच क्रम ठेवावा. अपवाद फक्त मक्याचा आहे, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

वांग्याची साल चकचकीत असावी आणि अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून यावा. साल निस्तेज झाली असेल तर आत बी कडक झालेले असते आणि भाजल्यावर गर तोंडात चरचरतो. भेंडीचे टोक बोटाने वाकवल्यावर कट्कन मोडले पाहिजे. दोडक्याला नख रुतले पाहिजे. ढोबळी मिरची हिरवी असतानाही चालते, पण काही फळे झाडावर लाल होऊ दिली तर त्यांच्यातली साखर वाढते आणि निखाऱ्यावर त्यांचा गोडवा हिरव्या फळापेक्षा कितीतरी उठून दिसतो. एवढ्या एका कारणासाठी मी दोन झाडे राखून ठेवतो.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली वांग्याची. घरच्या बागेत फवारणी नसते, त्यामुळे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी हमखास येते. ती फळात शिरताना केलेले छिद्र बारीक असते आणि बऱ्याचदा देठाच्या टोपीखाली लपलेले असते. आख्खे वांगे भाजण्यापूर्वी देठाची काटेरी टोपी उचलून पाहावे आणि खालच्या टोकाकडून दोन आडव्या-उभ्या चिरा देऊन, वांगे न तोडता, आत डोकावून घ्यावे. या चिरांमधून वाफही बाहेर पडते, त्यामुळे वांगे फुटत नाही. दुसरी सावधगिरी दुधी, दोडका आणि काकडी यांची. या भाज्यांचा कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो कडू लागला तर ती भाजी टाकून द्यावी. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, भाजल्याने किंवा शिजवल्याने तो जात नाही आणि कडू दुधीने माणसाला गंभीर विषबाधा होऊ शकते. कारल्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा कडूपणा दुसऱ्या जातीचा असतो.

शेगडी, जाळी आणि जळण

मोठ्या साधनांची गरज नाही. कोळशाची लोखंडी शेगडी असेल तर उत्तम, नाहीतर चार विटा दोन्ही बाजूंना रचून मध्ये कोळसा पसरता येतो. जाळी मात्र पारखून घ्यावी. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या चमकदार तारेच्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. तो तापल्यावर त्याचा धूर आरोग्याला घातक ठरतो, म्हणून अशी जाळी स्वयंपाकासाठी वापरू नये. साधी लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी आणि तिचे छिद्र करंगळीच्या टोकापेक्षा मोठे नसावे. माझे घोसाळ्याचे अर्धे काप पहिल्या दिवशी राखेत गेले ते मोठ्या छिद्रांमुळेच. याशिवाय लांब चिमटा, एक झाकण असलेले पातेले आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली एवढे पुरेसे आहे. बादली शोभेची नाही. उन्हाळ्यात वाळलेले गवत, शेजारच्या शेतातले उसाचे वाळलेले पाचट आणि संध्याकाळी अचानक सुटणारा वारा या तिन्हींचा मेळ बसला तर एक ठिणगीही महागात पडते. वळवाचे ढग दिसत असतील तर त्या दिवशी बेत पुढे ढकलावा, कारण वळवाच्या आधी येणारा वारा शेगडीतले निखारे उचलून नेतो.

जळणासाठी बाभळीचा कोळसा सर्वांत चांगला. तो उशिरा पेट घेतो, पण एकदा धरला की तास-दीड तास एकसारखी धग देतो. पाच-सहा माणसांच्या भाज्यांना दीड ते दोन किलो कोळसा पुरतो. नारळाच्या वाळलेल्या करवंट्याही चालतात, मात्र त्यांचा आर लवकर मावळतो. पाचट आणि चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, हे आपल्याकडे फुकटात मिळणारे जळण असले तरी पेटवण करण्यापलीकडे त्यांचा इथे उपयोग नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड घालतात, कारण काहिलीखाली लांबलचक जाळ हवा असतो. आपल्याला नेमका तोच नको असतो. एप्रिलमध्ये तासगाव-मिरज भागात द्राक्षबागांची खरड छाटणी होते आणि बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्यांच्या धुराला छान वास येईल असे कोणी सुचवते. तो मोह टाळावा. त्या वेलींवर हंगामभर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात आणि तो धूर आपल्या भाजीला लागणार असतो. रंग दिलेले किंवा पॉलिश केलेले लाकूड, प्लायवूडचे तुकडे हेही त्याच कारणासाठी वर्ज्य.

कोळसा पेटवण्यासाठी रॉकेल ओतू नये. त्याचा वास भाजीला लागतो आणि भडका अंगावर येण्याची भीती असते. शेगडीच्या तळाशी गोवरीचे दोन-तीन तुकडे किंवा चिपाडाची मूठभर पेटवण ठेवावी, त्यावर कोळशाचा उंच ढीग रचावा आणि खालून पेटवून फुंकणीने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. मग पंचवीस ते पस्तीस मिनिटे थांबावे. नवख्या माणसाला हाच वेळ जड जातो. काळ्या कोळशावर पांढुरक्या राखेचा पातळ थर धरला, ज्वाळा पूर्ण बसल्या आणि आतून लालबुंद धग दिसू लागली म्हणजे इंगळ तयार झाले.

आता निखारे पसरायचे, पण एकसारखे पसरायचे नाहीत. शेगडीच्या एका बाजूला त्यांचा दाट थर करावा, मधल्या भागात विरळ ठेवावेत आणि दुसऱ्या टोकाची वीतभर जागा मोकळी सोडावी. अशा तऱ्हेने एकाच जाळीवर तीव्र, मध्यम आणि मंद अशा तीन आचा मिळतात, आणि भाजी करपू लागली तर आच कमी करण्याची धडपड न करता तिला नुसते बाजूला सरकवता येते. आच ओळखण्यासाठी तळहात जाळीपासून चार-पाच बोटे वर धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच तीव्र, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम आणि आठ-दहा सेकंद सोसला तर मंद समजावी. हे सगळे उघड्यावर करायचे आहे. गॅलरीची काच लावून किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, कारण कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो आणि तो जिवावर बेततो.

चिरणे, तेल आणि मीठ

भाज्या धुतल्यावर फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात. ओली भाजी आधी आपल्याच पाण्यात वाफवली जाते आणि तिला खरपूसपणा येत नाही. काप जाड ठेवावेत. वांग्याचे आणि कांद्याचे साधारण दीड सेंटिमीटर, दुधीचे एक सेंटिमीटर. दोडक्याच्या शिरा हलक्या तासून तो उभा दोन भागांत चिरावा, आणि त्या शिरा फेकू नयेत, तीळ-खोबऱ्याबरोबर परतून त्यांची चटणी होते. कांद्याची चकती सुटी होऊन जाळीतून घसरते, म्हणून तिच्यात आडवी काडी टोचावी. काड्या बांबूच्या असतील तर त्या अर्धा तास पाण्यात भिजवून घ्याव्यात, नाहीतर भाजीआधी काडीच पेटते. भेंड्या दोन समांतर काड्यांमध्ये शिडीसारख्या ओवल्या तर एका हालचालीत सहा-सात उलटता येतात.

तेल भाजीला लावावे, जाळीला नाही. जाळीवर ओतलेले तेल निखाऱ्यावर ठिबकते आणि विझलेल्या ज्वाळा पुन्हा उठतात. शेंगदाण्याचे तेल थोडेसे तळहातावर घेऊन भाजीला चोळावे. वांगे मात्र स्पंजासारखे तेल पिते, तेव्हा त्याच्या कापांना तेल भाजण्याच्या अगदी ऐन वेळी आणि बोटाने पुसल्याइतकेच लावावे. जाळी स्वच्छ आणि तापलेली असावी. कांदा अर्धा कापून चिमट्यात धरावा आणि त्याची कापलेली बाजू तापलेल्या जाळीवर घासावी, म्हणजे भाजी चिकटत नाही.

मीठ सगळ्या भाज्यांना आधी लावण्याची सवय सोडावी. मिठाने पाणी सुटते. कारल्याच्या चकत्यांना वीस मिनिटे आधी मीठ लावून पिळून घ्यावे, बाकीच्या भाज्यांना ते उतरवल्यावर घालावे. मसाल्याबाबतही माझे मत असेच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आमच्या घरात हळदीशिवाय भाजी होत नाही, तरी निखाऱ्यावर जाणाऱ्या भाजीला मी हळद लावत नाही. हळद, तिखट, कांदा-लसूण मसाला यांची पूड धगीवर क्षणात जळते आणि कडवट होते. हे सगळे भाजी खाली उतरल्यावर, ती गरम असताना, थोड्या कच्च्या तेलात कालवून वरून घालावे. त्यांचा वासही तेव्हाच खुलतो.

भाजणे

ज्या भाजीला सर्वांत जास्त वेळ लागतो ती आधी चढवावी. कृष्णाकाठच्या माणसासाठी अर्थातच पहिला मान वांग्याचा. तपासून, चिरा देऊन, तेलाचा हात फिरवलेले पाव किलोच्या आसपासचे वांगे मध्यम आचेवर ठेवावे आणि दर तीन-चार मिनिटांनी पाव वळसा द्यावा. सुरुवातीची दहा मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग साल सुरकुतते, देठाच्या खालून पाण्याचे थेंब फुटून जाळीवर चुरचुरतात आणि वांगे कुशीवर बसल्यासारखे खचते. इथे बरेच जण ते उतरवतात, आणि इथेच चुकतात, कारण देठाजवळचा जाड भाग अजून कच्चा असतो. वांगे चिमट्याने उभे धरून त्याचा देठाकडचा भाग तीव्र आचेवर दोन-तीन मिनिटे टेकवावा. चिमट्याची टोके तिथे लोण्यात रुतल्यासारखी आत गेली की वांगे झाले. एकूण वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. ते लगेच पातेल्यात झाकून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे साल आपोआप सुटते. साल काढताना वांगे नळाखाली धरू नये; धुराची चव पाण्याबरोबर वाहून जाते. बोटे पाण्यात बुडवून साल काढावी आणि राहिलेले काळे ठिपके तसेच राहू द्यावेत. काप केलेले वांगे असेल तर मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटे पुरतात.

मक्याची गोष्ट वेळेची आहे. कणीस तोडल्याक्षणापासून दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि उन्हाळ्यात ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून इंगळ तयार होत आले की मगच बागेत जाऊन कणसे तोडावीत. कणसाचे केस तपकिरी होऊन वाळलेले असावेत आणि वरची पाती थोडी सोलून दाण्यात नख रोवले तर दुधासारखा रस यावा. रस पाण्यासारखा असेल तर कणीस कोवळे आहे, काहीच आले नाही तर ते जून झाले आहे. भाजण्याच्या दोन रीती आहेत. पाती काढून थेट मध्यम आचेवर ठेवले आणि सतत फिरवत राहिले तर दहा-बारा मिनिटांत दाणे तडतडून ठिपकेदार होतात. बसस्थानकाबाहेर मिळणारे कणीस असेच असते. दुसरी रीत संथ आहे. पाती न काढता कणीस पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे आणि पातीसकट वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. पाती काळी पडतात, दाणे आत वाफेवर शिजतात आणि रसरशीत राहतात. परसातल्या ताज्या कणसाला मला ही दुसरी रीत अधिक न्याय देणारी वाटते, शेवटची दोन मिनिटे मात्र पाती मागे ओढून दाण्यांना थेट धग दाखवावी. लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून गरम कणसावर चोळण्याचे काम घरातल्या लहान मुलांकडे द्यावे, ते आनंदाने करतात.

ढोबळी मिरची अर्धी चिरून, बी काढून, सालीची बाजू खाली ठेवून तीव्र आचेवर आठ-दहा मिनिटे भाजावी. साल फोडांसारखी उठली की झाली. कांद्याच्या चकत्यांना मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला सहा-सात मिनिटे लागतात. दोडका, घोसाळे आणि दुधी तीन-चार मिनिटांत उलटावेत आणि आणखी तेवढ्याच वेळाने उतरवावेत, कारण जास्त ठेवले तर त्यांचा लगदा होतो. काड्यांवरच्या भेंड्या सहा ते आठ मिनिटांत होतात आणि कोरड्या धगीमुळे त्यांचा चिकटपणा जवळजवळ नाहीसा होतो. भेंडी न आवडणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. टोमॅटो घट्ट असावा, तो अर्धा करून सालीवर बसवावा आणि तीन-चार मिनिटांनी हलक्या हाताने उचलावा, उलटण्याच्या भानगडीत पडू नये. हिरव्या मिरच्यांना आधी एक चीर द्यावी, नाहीतर त्या फुटून बी डोळ्यांत उडते. काकडी भाजू नये. तिची कोशिंबीर करावी.

ताटात ज्वारीची भाकरी, घट्ट दही आणि भाजलेल्या मिरच्या-लसणाचा शेंगदाणे घालून रगडलेला खर्डा असला की आणखी काही मांडायला नको. वांग्याचा गर हाताने मोडून त्यात भाजलेला कांदा-टोमॅटो चिरून घालावा, मीठ आणि कच्चे शेंगदाणा तेल घालावे. फोडणीची गरज राहत नाही. भाज्या उतरतील तशा वाढाव्यात. सगळ्या एकत्र वाढण्यासाठी झाकून ठेवल्या तर पहिल्या उतरलेल्या भाज्या वाफेने मऊ पडतात आणि इतका वेळ सांभाळलेला खरपूसपणा जातो.

जेवणे चालू असताना मावळत्या निखाऱ्यांवर राख ओढून तिच्यात तीन-चार आख्खे कांदे आणि लसणाचा एक गड्डा सालीसकट पुरून ठेवावा. चाळीसएक मिनिटांनी बाहेर काढले की वरची साल कोळसा झालेली असते आणि आतला कांदा चमच्याने खाण्याइतका मऊ व गोड होतो. दुसऱ्या दिवशीच्या पिठल्यात तो घालावा. त्यानंतर निखाऱ्यांवर पाणी शिंपडून, काठीने उलटेपालटे करून आणि पुन्हा पाणी घालून ते पूर्ण विझले आहेत याची हाताने खात्री करावी, कारण राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. उरलेली राख वाफ्यांत टाकण्याची पद्धत जुनी आहे, पण राख अल्कधर्मी असते आणि कृष्णाकाठच्या अनेक जमिनी आधीच क्षारपड झालेल्या आहेत. आमच्या बागेत ती आम्ही कंपोस्टच्या खड्ड्यात मूठ-दोन मूठ टाकतो, आणि बाकीची भांडी घासायला ठेवतो.